कुलपाचं पाणी

१

बुधवारी दुपारी दोनच्या सुमारास कामण रस्त्यावरच्या रेक्झिन पिशव्यांच्या कारखान्याला आग लागली. सतरा बायका आणि तीन पुरुष पुढच्या दाराने बाहेर पळाले. कार्मिन डाबरे तेवढी राहिली. ती मागच्या खोलीत रेक्झिन चिकटवायच्या सोल्युशनचा डबा आणायला गेली होती. संध्याकाळी, वाकलेले पत्रे बाजूला केल्यावर, ती मागच्या दारापासून हातभर अंतरावर सापडली. वय एकोणीस. कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि मे महिन्याच्या सुट्टीत तिथे कामाला जात होती. तिचा मोठा भाऊ प्लासिड त्याच कारखान्यात सुपरवायझर होता, म्हणून तर घरच्यांनी पाठवलं होतं.

पोलिसांनी त्याच संध्याकाळी राखणदार विठ्ठलला धरून नेलं. मालक फर्डिनंड शेठचं म्हणणं होतं की विठ्ठलने सोल्युशनच्या पिंपाजवळ बिडी ओढली. मागचं दार नेहमीसारखं उघडंच होतं. पोरीला धुराने घेरी आली असणार, नाहीतर वाचली असती.

सगळ्या गिरीज गावाने हे ऐकलं आणि मान हलवली. फक्त कार्मिनच्या बापाला, रुडॉल्फला, ते गिळता येईना. दार उघडं होतं तर हातभर अंतर राहिलं कसं? उघड्या दारातून उजेड येतो, वारा येतो. माणसाला घेरी आली तरी तो तिकडेच पडतो. हे त्याने एकदाच मटिल्डाला, आपल्या बायकोला, बोलून दाखवलं. ती म्हणाली, "आता हे बोलून ती येणार आहे का?"

नवव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, एक बाई कुंपणाच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. पायात चप्पल नव्हती. कडेवर एक पोर, दुसरं पदराला धरून.

"रुडॉल्फकाका तुमीच ना? मी सुशीला. विठ्ठलची बायको."

मटिल्डा आतून बाहेर आली. "तू आमच्या दारात कशी आलीस?"

"आय, मी भांडाला नाय आले." बाई फाटकाच्या आत आली नाही. "सोमवारी त्याला कोर्टात उभा करनार. तो कबूल होनार हाय. शेठने मानूस पाठवून सांगितलंय, बिडीचं कबूल कर, पोरांचं मी बघतो. तो रडत व्हता. म्हनाला, नायतरी आपलं कोन ऐकनार हाय. काका, त्याला दमा हाय. तो बिडी वढत नाय. कदीच नाय."

"माझी मुलगी गेली," मटिल्डा म्हणाली. "तू जा."

सुशीलाने कमरेला खोचलेली एक चावी काढून फाटकाच्या खांबावर ठेवली. "ही मागच्या दाराच्या कुलपाची. त्याच्या कमरेच्या करगोट्याला व्हती, धरून नेताना माज्याकडं टाकली. पोलिसांनी इचारलीच नाय. माज्या काय कामाची? तुमची पोर त्या दाराशी गेली, तुमी ठेवा."

ती वळली आणि पोरांना घेऊन रस्त्याला लागली. प्लासिड ओट्यावर बसला होता. आगीतून रेक्झिनचे रोल ओढताना उजवा हात भाजला, असं त्याने सांगितलं होतं, आणि मनगटापर्यंत पट्टी होती. पट्टीच्या वरच्या कडेपासून कोपरापर्यंत त्याच्या हाताची काळी लव तशीच्या तशी होती. चावीकडे त्याने एकदा पाहिलं आणि उठून आत गेला.

रुडॉल्फने चावी खिशात टाकली आणि टोपी घेतली.

"कुठे निघालात?" मटिल्डाने विचारलं.

"चौकीवर. तिच्याजवळ काय काय सापडलं, ते मला बघायचंय."

२

सब-इन्स्पेक्टर सावे थकलेला, सभ्य माणूस होता. मुलीचा बाप म्हटल्यावर त्यांनी खुर्ची दिली आणि शिपायाला मुद्देमालाची पिशवी आणायला सांगितलं. पिशवीतून एक टीनचा डबा निघाला, वितळलेल्या बांगडीचा तुकडा निघाला, आणि एक काळं पडलेलं कुलूप. उघडं, त्यात चावी लावलेली.

"मागच्या दाराचं," सावे म्हणाले. "दार तर जळून गेलं. हे राखेत मिळालं, दुसऱ्या दिवशी सकाळी पंचनाम्याला. उघडं आहे, बघा. म्हणजे दार बंद नव्हतं."

रुडॉल्फने कुलूप हातात घेतलं. तीस वर्षं त्याने भांडुपच्या स्प्रिंगांच्या कारखान्यात भट्टीवर काढली होती. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी लोखंड हातात आलं की त्याची बोटं आपोआप ते चाचपू लागत. त्याने कुलपाची कमान आत दाबली. ती लागली. चावी फिरवली.

खट्. कमान उसळून वर आली.

त्याने पुन्हा दाबली, पुन्हा फिरवली. खट्.

"काय झालं?" सावेंनी विचारलं.

रुडॉल्फने अंगठ्याने कुलूप पुसलं. काजळी अंगठ्याला आली आणि खाली निकेल चकाकलं. त्याने कुलूप नाकाशी नेलं. रॉकेलच्या चिमणीचा वास होता.

"साहेब, हे कुलूप आगीत नव्हतं."

"कशावरून?"

"आत स्प्रिंग आहे. पोलादाच्या पट्टीला पाणी दिलेलं असतं. लाल करून तेलात बुडवायची, मग बेताचा शेक द्यायचा, तेव्हा ती उसळते. तीच पट्टी पुन्हा लाल झाली आणि राखेत सावकाश गार झाली, तर पाणी उतरतं. आमच्याकडे त्याला अनीलिंग म्हणायचे. आम्ही मुद्दाम करायचो ते. तार घडवण्याआधी भट्टीत घालायची आणि भट्टीबरोबरच गार होऊ द्यायची, दीड-दीड दिवस. सगळा ताण निघून जातो. हवी तशी वळते, पण परत उसळत नाही." त्याने कुलूप टेबलावर ठेवलं. "त्या खोलीत सोल्युशनची पिंपं जळली. पत्रे वाकले. त्या राखेत पडलेलं कुलूप असं खट् करणार नाही. आणि लोखंडावर पापुद्रा धरतो, तो कुठे आहे? ही नुसती काजळी आहे. कोणीतरी चिमणीवर धरून चढवलेली."

सावे खुर्चीत पुढे सरकले. रुडॉल्फने खिशातली चावी काढली. "ही राखणदाराच्या करगोट्याची. खऱ्या कुलपाची." त्याने ती भोकात घालून पाहिली. ती अर्ध्यावर अडली.

"दाराची कडी, कोयंडा? तेही लोखंडाचंच, ते मिळालं का?"

सावेंनी पंचनामा चाळला. "नाही. मिळाल्याची नोंद नाही."

सावेंनी पंचनामा मिटून ठेवला. मग सावे म्हणाले, "डाबरे, तुम्ही काय सांगताय ते तुमच्या लक्षात येतंय का? कुलूप बदललं, म्हणजे खरं कुलूप लागलेलं होतं. मुलगी आत कोंडली गेली होती. आणि चावी कोणाकडे होती? तुम्हीच आणून दिलीत मला. विठ्ठलकडे. आतापर्यंत निष्काळजीपणा होता. आता मी त्याच्यावर याहून वाईट कलम लावू शकतो."

रुडॉल्फ उठला.

"सोमवारपर्यंत वेळ आहे," सावे म्हणाले. "त्यानंतर माझ्या हातात काही नाही."

३

शनिवारी सकाळी रुडॉल्फने बाजारातून तसंच एक कुलूप आणलं. परसातल्या चुलीत लाकडं रचली, कुलूप एका जुन्या कडीत अडकवून दाबून लावलं आणि निखाऱ्यात पुरलं. पाऊण तास फुंकत राहिला. मग राखेने झाकून तो बाजूला बसला.

मुलीची आठवण टाळायची म्हणून तो हाताला काम शोधत होता, पण इथेच ती जास्त जवळ आली. मार्च महिन्यात कार्मिन पुस्तक घेऊन त्याच्याकडे आली होती. "पप्पा, तुमच्या भट्टीचा शब्द आमच्या बायोलॉजीत आलाय. डीएनएचे दोन धागे असतात, एकमेकांत गुंफलेले. तापवले की सुटतात. मग सावकाश गार केले की आपापला जोडीदार शोधून परत जुळतात. त्यालाही अनीलिंगच म्हणतात. एकदम गार केले तर नाही जुळत." त्याने विचारलं होतं, "जोडीदार कसा ओळखतात?" ती हसून म्हणाली होती, "ते पुढच्या वर्षी शिकवणार आहेत."

दुपारी त्याने राख उकरली. कुलूप करडं पडलं होतं, नखाने खरवडलं की खपली सुटत होती. कमान लागलेलीच होती. त्याने चावी घातली. आत काहीतरी मेल्यासारखं सैल हललं. चावी फिरली नाही.

म्हणजे असं. खरं कुलूप राखेत लागलेल्या अवस्थेत पडलं होतं, कडीत आणि कोयंड्यात अडकलेलं. ते सोडवता आलं नसतं. म्हणून नेणाऱ्याने कडी-कोयंड्यासकट उचललं आणि जागी दुसरं टाकलं. बुधवारी संध्याकाळी पत्रे हलवले तेव्हाही राख आतून धगधगत होती, तिथे हात घालणं शक्य नव्हतं. गुरुवारी सकाळी दहाला पंचनामा झाला. अदलाबदल झाली ती मधल्या वेळात. आणि विठ्ठल बुधवारी सहा वाजल्यापासून कोठडीत होता.

कुलूप विठ्ठलने बदललं नव्हतं. पण लावलं कोणी?

भुईगावला आल्बिना राहत होती. कारखान्यात मशीनवरच्या बायकांत ती सगळ्यांत जुनी. तो गेला तेव्हा ती अंगणात बोंबील उलटत होती. त्याला बघून तिने हात पुसले, पण बसा म्हणाली नाही.

"आल्बिना, मला एवढंच सांग. आग लागायच्या आधी मागचं दार तू कधी पाहिलंस?"

"पोलिसांना मी काही बोलले नाही."

"मी पोलीस नाही."

ती खाली बघत बोलू लागली. "दीडला. डबा धुऊन पाणी टाकायला गेले होते. दार उघडं होतं, कुलूप कडीला लटकत होतं. विठ्ठल त्याआधीच गेला होता, नाक्यावर टेम्पो आणायला. आग लागली तेव्हा तो तिथे नव्हताच, काका. पिशव्या चिकटवायच्या सीलिंग मशीनच्या वायरमधून ठिणगी उडाली. मी डोळ्यांनी पाहिली."

"विठ्ठल नव्हता तर कुलूप कोण लावणार? चावी त्याच्याकडे."

"लावायला चावी कशाला लागते? ते दाबलं की लागतं. उघडायलाच चावी."

रुडॉल्फने स्वतः दोनदा ते दाबलं होतं आणि तरी त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. चावी कोणाकडे होती हा प्रश्नच चुकीचा होता.

"शेठ कुठे होते?"

"ऑफिसात. मुंबईचा व्यापारी आला होता. काचेतून सगळ्यांना दिसत होते. जेवणापासून आगीपर्यंत जागचे हलले नाहीत."

"बायकांपैकी कोणी?"

"आम्हाला मशीन सोडायची परवानगी नव्हती. मोठी ऑर्डर होती. कार्मिन तेवढी ये-जा करायची, सोल्युशन आणायला." तिने परत बोंबील हातात घेतला आणि तो तिच्या हातातच राहिला. "काका, तुम्ही आता पुढे विचारू नका. मला तुमच्याशी खोटं बोलायचं नाही."

४

फर्डिनंड शेठचं घर रमेदीला होतं. शनिवारी संध्याकाळी त्याने रुडॉल्फला दिवाणखान्यात बसवलं, सरबत मागवलं. आगीच्या दिवशी हाच माणूस त्यांच्या घरी आला होता. रुडॉल्फचे हात हातात धरून उभा राहिला होता आणि मग विहिरीपाशी प्लासिडच्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ बोलत होता. लोक म्हणाले होते, मोठ्या मनाचा माणूस.

"पंचनाम्यातलं कुलूप आगीत नव्हतं, शेठ," रुडॉल्फ म्हणाला. सरबताला त्याने हात लावला नाही. "खरं कुलूप लागलेलं होतं. दार बंद होतं. तुम्हाला ते माहीत होतं, म्हणून तुम्ही दुसरं ठेवलंत."

फर्डिनंडने नाकारलं नाही, कबूलही केलं नाही.

"तू भट्टीवाला. तुझ्या लक्षात येईल हे मला सुचायला हवं होतं."

"कामाच्या वेळी दार बंद ठेवणं गुन्हा आहे. म्हणून तुम्ही विठ्ठलच्या गळ्यात बांधलंत."

"त्याच्या पोरांना मी उपाशी ठेवणार नाही."

"माझ्या पोरीचं काय?"

फर्डिनंड उठून खिडकीपाशी गेला. "मी दाराजवळ फिरकलो नव्हतो. सतरा बायका साक्ष देतील."

"मग दार बंद होतं हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

हा प्रश्न विचारताना रुडॉल्फला उत्तर माहीत नव्हतं. बाहेर चर्चची सहाची घंटा झाली. ती संपली तेव्हा फर्डिनंड खिडकीपासून वळला.

"रुडॉल्फ," तो म्हणाला, "तुझं एक लेकरू गेलं. घरी जा. उरलंय ते सांभाळ."

५

रविवारी दवाखाना बंद असायचा. दुपारी मटिल्डा कार्मिनसाठी चाललेल्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला, नोव्हेनाला गेली आणि घरात बाप-लेक दोघेच राहिले.

"ये," रुडॉल्फ म्हणाला. "पट्टी बदलतो."

"उद्या कंपाउंडर करील."

"मी तीस वर्षं भट्टीवरच्या पोरांचे हात बांधलेत. ये."

प्लासिड येऊन पाटावर बसला. रुडॉल्फने कोमट पाण्याने पट्टी भिजवली आणि एकेक वेढा सोडत गेला. हाताची मागची बाजू आधी उघडी पडली. बोटांच्या पेरांवरचे केस जसेच्या तसे होते. ज्वाळेत हात घालणाऱ्याचे तेच आधी जळतात. पेटते रोल ओढणाऱ्याचे तर मनगटापर्यंत राहत नाहीत.

त्याने हात उलटा केला. तळव्याच्या मधोमध, रुपयापेक्षा थोडी मोठी, कातडी खोल गेली होती. चारही बोटांच्या आतल्या बाजूला आडवा पट्टा होता. असे हात त्याने भट्टीवर पाहिले होते. नवखा माणूस गरम तुकडा थंड समजून मुठीत घेतो तेव्हा असा भाजतो. पण तो लगेच टाकतो, आणि वरची कातडी तेवढी जाते. हा हात टाकणाऱ्याचा नव्हता. याने धरून ठेवलं होतं.

रुडॉल्फने लेकाचा हात आपल्या गुडघ्यावर ठेवला. सगळं त्याच्यापुढे ओळीने उभं राहिलं. विठ्ठल नाक्यावर, शेठ काचेमागे, बायका मशीनवर. उरला एक जण, ज्याला कुठेही फिरायची मुभा होती. काल आल्बिनाच्या अंगणातच रुडॉल्फची मोजणी झाली होती. फक्त त्याने शेवटचा आकडा उच्चारला नव्हता.

"किती वेळ धरलं होतंस?" त्याने विचारलं.

प्लासिडने हात काढून घेतला नाही. "माहीत नाही."

"सांग."

"बायका मागे जाऊन बसतात, ऑर्डर राहील, म्हणून शेठने सकाळी सांगितलं होतं, जेवणानंतर मागचं दार बंद ठेव. विठ्ठल नव्हता. पावणेदोनला मी बाहेरून गेलो आणि कुलूप दाबलं. आत बघितलं नाही. पप्पा, मी फक्त आत डोकावायला हवं होतं." त्याचा आवाज सपाट होता, कितीतरी वेळा मनात म्हटलेलं वाचून दाखवावं तसा. "आग लागली, सगळे बाहेर आले, मी माणसं मोजली. ती नव्हती. मी मागे धावलो. ती आतून दार ठोकत होती. मी कुलूप धरून ओढत होतो. पायाने दार मारत होतो. सागवानी दार, नवीन बसवलेलं. चावी नाक्यावर होती, विठ्ठलच्या कमरेला."

"ती बोलली काही?"

प्लासिडने मान खाली घातली. हे एक तो सांगेना.

"मग आवाज थांबला," एवढंच म्हणाला.

"आणि संध्याकाळी शेठने तुला विहिरीपाशी नेलं."

"मीच त्याला सांगितलं, मी कुलूप लावलं होतं. तो म्हणाला, आईला कळलं तर ती जगणार नाही. म्हणाला, विठ्ठल दोन वर्षांत सुटेल. पहाटे मला घेऊन गेला, राखेतून काढायला लावलं, आणि खाडीत टाकून ये म्हणाला."

"आणि तू हो म्हणालास."

"मी काहीच म्हणालो नाही, पप्पा. तेच हो झालं." तो उठला, आतल्या खोलीत गेला आणि पलंगाखालची ट्रंक ओढली. कपड्यांच्या तळातून फडक्यात बांधलेलं काहीतरी आणून त्याने बापापुढे ठेवलं. करडं, खपल्या धरलेलं कुलूप, कडी आणि कोयंड्यात घट्ट अडकलेलं. "मी जेट्टीपर्यंत गेलो होतो. माझ्याने टाकवलं नाही."

दारात मटिल्डा उभी होती. डोक्यावरचा पदर तसाच, हातात रोझरीची माळ. ती कधीपासून तिथे होती ते दोघांनाही कळलं नव्हतं.

६

मटिल्डा रडली नाही. रुडॉल्फला त्याचीच भीती वाटली.

"कोणाला सांगायचं नाही," ती म्हणाली. "ते द्या माझ्याकडे. मी विहिरीत टाकते."

"उद्या विठ्ठल कबूल होईल."

"होऊ दे."

"त्याला दोन पोरं आहेत, मटिल्डा."

"मला किती राहिली?" ती म्हणाली. "मोजा तुम्ही. तुम्हाला मोजायची सवय आहे. पोलिसांत जाऊन कुलूप वाजवून दाखवलंत, भुईगावला गेलात, शेठकडे गेलात. हे शोधून काढायला फिरत होता तुम्ही? एक मातीत घातली, दुसरा तुरुंगात घालायला?"

तिचं चूक होतं असं रुडॉल्फला म्हणवेना. त्याला खरं हवं होतं तेव्हा खऱ्याच्या पलीकडे दुसरं कोणीतरी असेल असं तो धरून चालला होता. आता कुलूप उचलून विहिरीत टाकणं दहा पावलांचं काम होतं. त्याने ते हातात घेतलंही. घेऊन तो दारापर्यंत गेला आणि तिथेच उभा राहिला. पाय पुढे जाईनात आणि मागेही येईनात.

प्लासिडनेच ते त्याच्या हातून काढून घेतलं. "आई," तो म्हणाला, "मला झोप लागत नाही. विठ्ठल तिकडे बसलाय म्हणून नाही. तो सुटला तरी लागणार नाही. पण हे तरी मला करू दे."

मटिल्डा आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

सोमवारी सकाळी आठला बाप-लेक चौकीवर पोहोचले. सुशीला आधीच पायरीवर बसली होती, पोरं तिच्या मांडीवर झोपलेली. सावेंनी फडकं सोडलं. विठ्ठलची चावी त्या कुलपात सरळ आत गेली, पण फिरली नाही. रुडॉल्फने पक्कड मागितली, कुलपाचा मागचा पत्रा उचकटला आणि आतली पोलादी पट्टी बोटाने वाकवून दाखवली. ती वाकली तशीच राहिली. जीभ पूर्ण बाहेर होती, कमानीच्या खाचेत. दार बंद असल्याचा याहून वेगळा पुरावा लागणार नव्हता.

"हे कुठे मिळालं?" सावेंनी विचारलं.

"माझ्याकडे होतं," प्लासिड म्हणाला. "कुलूप मी लावलं होतं."

सावेंनी रुडॉल्फकडे पाहिलं. मग त्यांनी शिपायाला दार ओढून घ्यायला सांगितलं आणि जबाबाचा कागद पुढे घेतला. लिहायला दीड तास लागला. मधे एकदा प्लासिडचा आवाज बसला तेव्हा त्यांनी त्याला पाणी दिलं आणि तो प्यायचा थांबेपर्यंत पेन खाली ठेवलं.

विठ्ठलला कोर्टातून त्या दिवशी सोडलं नाही, चार दिवसांनी सोडलं. तो सुशीलाबरोबर गिरीजला आला. फाटकाशी उभा राहिला, काय बोलायचं ते ठरवून आला असावा, पण घराची बंद खिडकी पाहून हात जोडले आणि परत गेला. फर्डिनंडला तीन वर्षांची शिक्षा झाली. प्लासिडला दीड. कुलूप लावल्याबद्दल कमी आणि लपवल्याबद्दल जास्त, असं वकील म्हणाला.

मटिल्डा रुडॉल्फशी बोलायची ती मीठ, तेल, दूधवाला, एवढंच. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी तो ठाण्याच्या तुरुंगात भेटीला एकटा जायचा. ती पाठमोरी असायची. पहिल्या महिन्यात त्याने विचारलं, येतेस का. मग विचारणं सोडून दिलं.

डिसेंबरच्या शनिवारी तो चपला घालत होता. ती बाहेर आली, चर्चला जाताना नेसायची ती साडी नेसून. काही न बोलता पुढे चालू लागली.

तुरुंगात जाळीच्या पलीकडे प्लासिड आला आणि आईला पाहून मधेच थांबला. वाळला होता. शिपाई म्हणाला, दहा मिनिटं.

"तिने तुला हाक मारली होती," मटिल्डा म्हणाली. "दाराआडून. तू पप्पांना सांगितलं नाहीस."

"आई, नको."

"मी तिची आई आहे. ती शेवटचं काय बोलली ते मला कोणीच सांगत नाही. सात महिने झाले. मी रोज काहीतरी ऐकते आणि ते खरं नसतं. तू सांग."

प्लासिडने जाळीला कपाळ टेकवलं. रुडॉल्फ बाजूला सरकणार होता, मटिल्डाने त्याची बाही धरली.

"आधी म्हणाली, 'दादा, दार उघड.' मी म्हटलं, उघडतो. बऱ्याचदा म्हणाली. मग पत्रा कोसळला." तो थांबला. "मग म्हणाली, 'दादा, तू जा. आग तुझ्याकडे पण येईल. जा तू.' मी गेलो नाही. पण मग ती परत बोलली नाही."

मटिल्डाने डोळे मिटले. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. शब्द तिने दोनदा, तीनदा स्वतःशी म्हटले, पाठ करावे तसे. मग तिने जाळीच्या भोकातून दोन बोटं आत घातली, जेवढी जात होती तेवढी, आणि लेकाच्या कपाळाला लावली.

शिपायाने घड्याळाकडे पाहिलं आणि तो दुसरीकडे बघू लागला.